वळू बदलला आणि जात गेली

स्वित्झर्लंडच्या पूर्वेकडच्या ग्राउब्युंडेन या डोंगराळ प्रांतात रेटियन राखाडी नावाची गाय आहे. वशिंड नसलेली, आटोपशीर अंगाची, साधारण ४०० ते ५५० किलो वजनाची. वासरू जन्मतं तांबूस आणि काही महिन्यांत राखाडी होतं. मुस्कट काळंभोर, त्याभोवती पांढऱ्या केसांची कड. शिंगांची टोकंही काळी.

१९२०च्या दशकात ही जात स्वित्झर्लंडमधून नाहीशी झाली. त्यासाठी गायी कापाव्या लागल्या नाहीत, वळू बदलणं पुरलं. राखाडी गाईला जास्त दुधाच्या ब्राउन जातीचा वळू लावला की कालवडीत राखाडीचा वाटा निम्मा उरतो. तिलाही ब्राउनच लावला तर पाव, मग आठवा हिस्सा. पाचव्या पिढीत जेमतेम ३ टक्के! मायटोकाँड्रियाचा (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागाचा) डीएनए फक्त आईकडून येतो, तो तेवढा राखाडीचा राहतो. पण तेवढ्यावर जुनी गाय परत घडवता येत नाही. (याच ब्राउन जातीचं रक्त १९६३ पासून भारत-स्विस प्रकल्पातून केरळच्या गायींत आलं, 'सुनंदिनी' ही संकरित जात त्यातूनच घडली.)

शेजारच्या ऑस्ट्रियातल्या टायरॉल प्रांतातल्या काही शेतकऱ्यांनी मात्र जुन्या, लहान चणीच्या राखाडी गायी जपल्या होत्या. १९८५ मध्ये प्रोस्पेसीरारा या दुर्मिळ जाती जपणाऱ्या स्विस संस्थेने तिथून जनावरं आणून पैदास पुन्हा सुरू केली.

नुसतं दूध मोजलं तर ब्राउन गाय केव्हाही सरस. पण आल्प्समध्ये उतारही मोजायला हवा. भारी जनावराच्या पायाखाली ओली माती घसरते, गवताची मुळं उघडी पडतात. हलकी राखाडी गाय टणक खुरांवर तिथे सहज चढते आणि जाडंभरडं गवतही खाते. अशा जागी चराई थांबली की ग्रीन ऑल्डर हे झुडूप कुरणात शिरतं. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन बांधतात. जमीन नायट्रोजनने भरली की मोजक्या वनस्पती माजतात आणि कुरणातली रानफुलं मागे हटतात. म्हणून ही गाय वाचवणं म्हणजे कुरणही वाचवणं, असं मला ठामपणे वाटतं.

थोडक्या जनावरांपासून उभ्या राहिलेल्या जातीला खरी भीती जवळच्या नात्यातल्या पैदाशीची. एकच देखणा वळू गावोगाव वापरला, तर दोन-तीन पिढ्यांत सगळा कळप एकमेकांचा भाऊबंद होतो आणि दडलेले जनुकीय दोष वर येतात. त्यामुळे पैदासकारांना वंशावळ पाहून वेगवेगळ्या घराण्यांतले वळू राखावे लागतात, त्यातला एखादा दिसायला डावा असला तरी.