पिवळं पित्त म्हणजे विष, असं युनानी वैद्यक म्हणतच नव्हतं

रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त हे चार रस समसमान असले की माणूस ठणठणीत, आणि पिवळं पित्त जितकं बाहेर काढाल तितकं बरं. युनानी वैद्यकाच्या नावावर हा समज बरीच वर्षं खपतोय. त्यातलं एकही विधान धड नाही.

समान वाटणी कुणी मागितलीच नव्हती. युनानी वैद्यक ज्याच्यावर उभं आहे त्या प्राचीन ग्रीक वैद्य गेलेनच्या परंपरेत रक्ताचा वाटा सर्वांत मोठा. शिवाय वय, ऋतू, प्रदेश यांनुसार प्रत्येकाचा मिजाज, म्हणजे शरीराची प्रकृती, निराळा, त्यामुळे तरुणाचं संतुलन म्हाताऱ्याला लागू नाही.

पित्ताचं प्रकरण जास्त मजेदार आहे. वैद्य इब्न सिना (९८०–१०३७) ‘अल-कानून’ या आपल्या वैद्यकग्रंथात निरोगी सफराला, म्हणजे पिवळ्या पित्ताला, रक्ताचा फेस म्हणतो: लालभडक, हलका, तिखट. हो, पिवळा नव्हे! यकृतात बनलेल्या या सफराचा एक भाग रक्तासोबत जाऊन त्याला पातळ करतो, म्हणजे ते अरुंद वाटांतून सरकतं. दुसरा पित्ताशयात जातो, तिथून आतड्यात उतरून मळ आणि चिकट कफ धुतो, शौचाची जाणीवही करून देतो. ही वाट तुंबली की पोटात कळा. धोकादायक ठरतात ते बिघडलेले प्रकार. त्यांतल्या एकाचा रंग तांब्यावर चढणाऱ्या हिरव्या कळंकासारखा, आणि तो मात्र विषाच्या जवळचा.

अर्थात यकृत अन्नापासून रक्त बनवतं, ही त्या परंपरेतली समजूत आजचं आधुनिक वैद्यक मानत नाही. पित्ताचा पिवळेपणा जुन्या तांबड्या पेशी मोडून निघणाऱ्या बिलिरुबिनचा. तेव्हा डोळे पिवळे दिसले तर जुलाब घेत बसू नका, डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासून घ्या.