इंजिन, शाफ्ट, डिफरन्शियल सरळ रेषेत? मुळीच नको

जुन्या जीपमध्ये दुसरं इंजिन बसवलं की सल्ला हमखास मिळतो: गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत (चाकांना फिरवणाऱ्या गिअरच्या डब्यापर्यंत) सगळं एका रेषेत ठेवा, थरथर येणार नाही. हे चूक आहे. गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि पिनियन, म्हणजे डिफरन्शियलमध्ये शिरणारा दांडा, समांतर हवेत, एका रेषेत नव्हे. क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा सांधा, तिरका फिरला की या दोघांना जोडणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा वेग दर फेरीत दोनदा कमी-जास्त होतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असले तरच मागचा क्रॉस तो फरक भरून काढतो. कोन शून्य ठेवलात तर क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया (बारीक रोलर) फिरतच नाहीत आणि एकाच जागी खड्डे पाडतात. अंशभर तरी कोन हवाच! लोक शाफ्टच्या बॅलन्सिंगवर पैसे घालवत राहतात, याचं वाईट वाटतं. आधी कोन मोजा. बऱ्याचदा डिफरन्शियलचा कोन बदलायला स्प्रिंगच्या पाट्यांवर बसवलेली एक पाचर पुरते.