जप्त झालेलं पुस्तक: 'वन फ्लू ओव्हर द ककूज नेस्ट'ची पार्श्वभूमी

साठच्या दशकात अभिनेते कर्क डग्लस प्रागला गेले होते. तिथं त्यांची मिलोश फोरमन या तरुण चेक दिग्दर्शकाशी भेट झाली. एक पुस्तक पाठवतो, वाचून बघ, असा शब्द डग्लसनी दिला आणि पाळलाही. पण पुस्तक कस्टममध्येच जप्त झालं. फोरमनला वाटलं, बडा माणूस विसरला. डग्लसना वाटलं, या पोराला साधी पोच द्यायची रीत नाही.

ते पुस्तक म्हणजे केन केसीची १९६२ ची कादंबरी 'वन फ्लू ओव्हर द ककूज नेस्ट'. मनोरुग्णालयाच्या वॉर्डात आलेला बंडखोर मॅकमर्फी आणि तिथली कडक शिस्तीची नर्स रॅचेड यांच्यातला झगडा, ही तिची गोष्ट. पुढं याच कादंबरीवर चित्रपट निघाला. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात केसी मानसोपचार वॉर्डात रात्रपाळी करत असे. तिथल्याच औषध-प्रयोगांत त्यानं एलएसडी हे भ्रम निर्माण करणारं द्रव्यही स्वतः घेऊन पाहिलं होतं. त्या प्रयोगांमागे सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेचा पैसा होता, हे पुढं उघड झालं. वॉर्डातली बरीच माणसं वेडी नाहीत, चारचौघांच्या साच्यात बसत नाहीत इतकंच, असं त्याचं मत तिथं बनलं.

तो काळही तसाच होता. १९५५ च्या सुमारास अमेरिकेतल्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक माणसं होती. मेंदूतले जोड तोडणाऱ्या लोबोटॉमीचे जनक एगास मोनिझ यांना १९४९ मध्ये नोबेल मिळालं होतं. वॉल्टर फ्रीमन यांनी तर डोळ्याच्या खोबणीतून सुईसारखं हत्यार घालून ती काही मिनिटांत उरकण्याची पद्धत काढली. मॅकमर्फीचा शेवट ज्या शस्त्रक्रियेनं होतो, ती एकेकाळी वैद्यकशास्त्राची शान होती, हे आज वाचताना अंगावर काटा येतो.

१९६३ मध्ये कादंबरीवरच्या नाटकात डग्लसनी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर स्वतः मॅकमर्फी साकारला. चित्रपटाला मात्र दहा वर्षं एकही स्टुडिओ तयार होईना. शेवटी त्यांनी हक्क मुलाकडे, मायकलकडे सोपवले. मायकल आणि सॉल झेंट्झ या निर्मात्यांनी दिग्दर्शक निवडला तो नेमका फोरमन! त्याचे आईवडील नाझी छळछावण्यांत मरण पावले होते आणि १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरल्यावर तो अमेरिकेत आला होता. कम्युनिस्ट पक्ष हीच आपली नर्स रॅचेड होती, असं तो म्हणायचा.

चित्रपटातला बेसबॉल सामन्याचा प्रसंग बघा. सामना बघायला टीव्ही लावायचा का, यावर वॉर्डाच्या बैठकीत मतदान होतं. वॉर्डात अठरा रुग्ण, हात वर झालेले नऊ. मॅकमर्फी एकेकाला विनवत फिरतो. अखेर चीफ ब्रॉमडेन या अबोल, आदिवासी अमेरिकन रुग्णाचा हात हळूच वर जातो आणि दहावं मत पडतं. तोवर बैठक संपली, असं नर्स शांतपणे सांगते. नियम तंतोतंत पाळला जातो आणि माणूस हरतो. हा प्रसंग इतका खरा उतरला, कारण अशा बैठका दिग्दर्शकानं कम्युनिस्ट राजवटीत स्वतः सोसल्या होत्या, असं मला ठामपणे वाटतं. रॅचेड साकारणाऱ्या लुईज फ्लेचरनंही तिला कुठंच आवाज चढवणारी खलनायिका केलेलं नाही. आपण भलंच करतोय, अशी तिची खात्री आहे.

केसी मात्र दुखावला. कादंबरी ब्रॉमडेन सांगतो, चित्रपटात ते निवेदन गेलं. त्याची तक्रार रास्त होती. ब्रॉमडेन झालेल्या विल सॅम्पसनच्या अबोल चेहऱ्यानं त्यातलं थोडंफार परत मिळवलं.

चित्रपट १९७५ च्या नोव्हेंबरात आला. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं केनेथ डोनाल्डसनच्या खटल्यात निकाल दिला होता: कुणालाही धोका नसलेल्या आणि बाहेर सुरक्षितपणे जगू शकणाऱ्या माणसाला नुसतं कोंडून ठेवता येणार नाही. डोनाल्डसननं फ्लोरिडात जवळपास १५ वर्षं कोंडवाड्यात काढली होती. पुढच्या वर्षी चित्रपटाला पाचही प्रमुख ऑस्कर (चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, अभिनेत्री, पटकथा) मिळाले; १९३४ च्या 'इट हॅपन्ड वन नाइट'नंतर हे प्रथमच घडत होतं. फ्लेचरनं आपल्या कर्णबधिर आईवडिलांचे आभार खुणांच्या भाषेत मानले.

चित्रीकरण झालं ते सेलमच्या ओरेगन स्टेट हॉस्पिटलमध्ये. तिथले प्रमुख डॉ. डीन ब्रूक्स यांनी दारं उघडली, पडद्यावर डॉक्टरही तेच झाले आणि तिथल्या रुग्णांनी चित्रपटाच्या ताफ्यात काम केलं. २००४ मध्ये याच आवारात तांब्याचे सुमारे साडेतीन हजार डबे सापडले. त्यांत होती तिथं मेलेल्या आणि कुणीही न नेलेल्या माणसांची राख. पुढं त्यांची नावं शोधली गेली आणि काही डबे, कित्येक वर्षांनी का होईना, घरच्यांच्या हाती पोहोचले.