स्वस्त टॅब्लेट की ई-रीडर? मराठी पुस्तकं वाचायला काय घ्यावं

गेल्या गणपतीत सांगलीला मावशीकडे गेले होते. जेवणं झाल्यावर तिने कपाटातून टॉवेलात गुंडाळलेली एक वस्तू काढली आणि म्हणाली, "हे बघ, मी किंडल घेतलं. आता वाचनालयाचे जिने चढायला नकोत." बघितलं तर तो दहा इंची अँड्रॉइड टॅब्लेट होता. "अगं मावशी, हा टॅब्लेट आहे," म्हटलं, तर म्हणाली, "दुकानदाराने उघडून दाखवलं की मला, यात किंडल आहे म्हणून." दुकानदार खोटं बोलला नव्हता. त्या टॅब्लेटवर किंडलचं अ‍ॅप होतं.

हा घोळ नावातच आहे. अ‍ॅमेझॉनने २००७ साली अमेरिकेत किंडल आणलं, ते निव्वळ पुस्तकं वाचायचं, कृष्णधवल पडद्याचं यंत्र होतं. मग त्याच नावाचं अ‍ॅप फोनवर आलं. २०११ मध्ये 'किंडल फायर' नावाचा रंगीत टॅब्लेट निघाला आणि २०१४ मध्ये त्याच्या नावातलं 'किंडल' गळून नुसतं 'फायर' उरलं. एकाच नावाच्या तीन वस्तू झाल्यावर माणसाने ओळखायचं तरी कसं? म्हणून इथे सरळ दोनच शब्द वापरते. फक्त वाचायचं यंत्र तो ई-रीडर, आणि फोनसारखं सगळं करणारा मोठा पडदा तो टॅब्लेट.

खरा फरक पडद्यात आहे. टॅब्लेटच्या एलसीडी पडद्यामागे दिवा सतत पेटलेला असतो आणि त्याचा उजेड पडद्यातून गाळून आपल्या डोळ्यांकडे येतो. ई-रीडरच्या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या बारीक कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पांढरे आणि काळे कण असतात, त्यांच्यावर परस्परविरुद्ध विद्युतभार असतो. विजेची दिशा बदलली की काळे कण वर येतात किंवा पांढरे, आणि अक्षर उमटतं. उमटलेलं अक्षर टिकवायला वीज लागतच नाही, पान उलटतानाच काय ती लागते. म्हणून टॅब्लेट आठ-दहा तासांत मान टाकतो आणि ई-रीडर आठवडेच्या आठवडे चालतो. उन्हातही असंच. गच्चीवर दुपारी टॅब्लेट उघडला तर त्यात आपलाच चेहरा दिसतो, ई-रीडरवर छापील पानासारखं वाचता येतं. अंधारात वाचायला ई-रीडरच्या कडेलाही दिवे असतात, पण त्यांचा उजेड पानावर पडतो, पानातून येत नाही.

देवनागरीसाठी पडद्याची आणखी एक बाजू बघायला हवी. स्वस्त दहा इंची टॅब्लेटचा पडदा बऱ्याचदा १२८० बाय ८०० ठिपक्यांचा असतो, म्हणजे इंचाला साधारण १४९ ठिपके. आजच्या बहुतेक चांगल्या ई-रीडरवर इंचाला ३०० असतात. रोमन लिपीत हा फरक खपून जातो. आपल्याकडे रफार, अनुस्वार, 'द्ध', 'ष्ट्र', 'क्ष्म' यांची सगळी नजाकत बारीक रेघांत आहे. अक्षर लहान केलं की १४९ ठिपक्यांत 'घ' आणि 'ध' ओळखायला डोळे ताणावे लागतात. टॅब्लेटच घ्यायचा असेल तर निदान १९२० बाय १२०० चा पडदा मागा. अकरा इंचांत तो इंचाला २०६ ठिपके देतो आणि वाचन पुष्कळ सुसह्य होतं. दुकानात रंगीत व्हिडिओ बघून निर्णय करू नका. मराठी मजकुराचं पान उघडायला सांगा आणि स्वतः वाचून बघा.

इथपर्यंत वाचून वाटेल की ई-रीडरच घ्यावा. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण इंग्रजी वाचणाऱ्याला दिलेला हा सल्ला मराठी वाचकाला जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण आपली पुस्तकं कोणत्या रूपात मिळतात हेच त्यात धरलेलं नसतं.

अ‍ॅमेझॉनच्या दुकानात मराठी ई-पुस्तकं २०१६ च्या डिसेंबरपासून आहेत आणि ती ई-रीडरवर छान दिसतात. अक्षर मोठं करा, ओळी आपोआप नव्याने लागतात. पण मराठीतलं केवढं तरी धन त्या दुकानाबाहेर आहे. ई साहित्य प्रतिष्ठानची विनामूल्य पुस्तकं पीडीएफमध्ये आहेत. राज्य शासनाच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाचे ग्रंथ, जुन्या दुर्मीळ पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या प्रती, बालभारतीची पाठ्यपुस्तकं, सगळी पीडीएफच. बुकगंगावर घेतलेलं ई-पुस्तक त्यांच्याच अ‍ॅपमध्ये उघडतं. स्टोरीटेलवरची मराठी ऑडिओबुकंही अ‍ॅपमध्येच ऐकायची, आणि अशी अ‍ॅप किंडलसारख्या ई-रीडरवर चालत नाहीत.

पीडीएफ म्हणजे पानाचा फोटो समजा. त्यातल्या ओळी पडद्याच्या मापाने मोडत नाहीत, पूर्ण पान लहान होतं. ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद. सहा इंची ई-रीडरचा पडदा जेमतेम ९ सेंटिमीटर. बारा पॉइंटात टाइप केलेला मजकूर तिथे पाच पॉइंटांचा होतो, औषधाच्या पाकिटावरच्या चिठ्ठीसारखा. झूम करून पान इकडेतिकडे सरकवावं, तर ई-रीडरचा पडदा संथ. प्रत्येक सरकवणीला लुकलुकतो आणि मागच्या पानाची फिकट सावली ठेवून जातो. मी एका दुर्मीळ बखरीची स्कॅन प्रत अशी वाचायचा प्रयत्न केला आणि तिसऱ्या पानावर सोडून दिला.

आता दहा इंची टॅब्लेट घ्या. उभा धरला तर पडदा साधारण साडेतेरा सेंटिमीटर रुंद आणि साडेएकवीस उंच. डेमी आकाराच्या मराठी पुस्तकाचं पानही जवळपास एवढंच असतं. म्हणजे जुन्या कादंबरीची स्कॅन प्रत तिथे छापील पुस्तकाच्याच मापात दिसते. आडवा धरला तर ए-फोर पानाची पूर्ण रुंदी मूळ आकारात बसते, फक्त पान खाली सरकवत वाचायचं. हे गणित मी पट्टी घेऊन केलं तेव्हा माझं टॅब्लेटबद्दलचं मत बदललं. एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या माझ्या भाच्याकडे सगळ्या नोट्स पीडीएफमध्ये आहेत. त्याला ई-रीडर भेट दिला असता तर तो खणातच पडून राहिला असता.

म्हणजे स्वस्त टॅब्लेट निर्धोक आहे असं मात्र नाही. स्वस्ताईची हाव आपल्याला नवी नाही. ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत 'आकाश' टॅब्लेटचं अनावरण झालं, तेव्हा विद्यार्थ्यांच्या हाती सर्वांत स्वस्त संगणक येणार म्हणून केवढी आशा होती. सात इंची पडदा, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि बोटाने दाबून वापरावा लागणारा रेझिस्टिव्ह पडदा. हेतू चांगला होता, पण रोजच्या वापराला ते यंत्र पुरलं नाही. पुढच्या आवृत्तीच्या कामात आयआयटी मुंबई होती. नोव्हेंबर २०१२ मध्ये ती आली तेव्हा पडदाही बदलला होता आणि प्रोसेसरही.

आजचे दहा-पंधरा हजारांतले टॅब्लेट त्यापेक्षा कितीतरी पुढे आहेत, तरी काटकसर कुठे ना कुठे केलेली असतेच. खोक्यावर '८ जीबी रॅम' लिहिलेलं असतं आणि बारीक अक्षरात '४+४'. त्यातली चारच खरी रॅम, उरलेली साठवणुकीतून उसनी घेतलेली आणि खूप संथ. ६४ जीबी साठवणुकीतला मोठा वाटा सिस्टिमच खाते, म्हणून मेमरी कार्डाची खाच आहे का ते बघा. सिनेमे बघायचे असतील तर 'वाइडवाइन एल-वन' आहे का विचारा. वाइडवाइन म्हणजे सिनेमांची चोरी रोखणारं कुलूप, आणि एल-वन ही त्याची वरची पातळी. एल-थ्री असेल तर पैसे भरूनही बऱ्याच सेवांवर चित्र धूसरच येतं. सगळ्यांत वाईट गोष्ट म्हणजे अँड्रॉइडचे अपडेट लवकर थांबतात. घरातला आमचा पहिला टॅब्लेट तीन वर्षांत असा मागे पडला की बँकेचं अ‍ॅपच उघडेना. पडदा शाबूत, बॅटरी बरी, तरी यंत्र निकामी. याचा मला अजून राग येतो. ई-रीडर जुना झाला तरी त्यावर आधी घेतलेली पुस्तकं वाचता येतात, माझा सात वर्षांचा ई-रीडर रोज उशाशी असतो.

वजनाचंही बोलायला हवं. दहा-अकरा इंची टॅब्लेट अर्धा किलोच्या घरात जातो, सहा-सात इंची ई-रीडर दोनशे ग्रॅमच्या आसपास. पडून वाचणाऱ्याच्या मनगटाला हा फरक पहिल्याच रात्री कळतो. आणि टॅब्लेटवर वाचताना वरून व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप टपकत राहतात. ई-रीडरवर पुस्तकाखेरीज काहीच घडत नाही. माझ्यासाठी त्याचं सर्वांत मोठं मोल हेच आहे.

ई-रीडर घेणाऱ्याने एक गोष्ट जाणून घ्यावी. फेब्रुवारी २०२५ पासून अ‍ॅमेझॉनवरून विकत घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून केबलने किंडलमध्ये घालायची सोय बंद झाली. तुमच्याकडची ई-पब फाइल (ई-पुस्तकाचा सर्रास वापरला जाणारा प्रकार) मात्र अ‍ॅमेझॉनच्याच 'सेंड टू किंडल' या सोयीने अजूनही पाठवता येते. कोबो या दुसऱ्या कंपनीचे ई-रीडर ई-पब थेट उघडतात.

मावशीने त्या दिवशी विचारलं, "मग हा परत करू का गं?" मी तिला काय काय वाचायचंय ते कागदावर लिहायला सांगितलं. जुने दिवाळी अंक, सार्थ ज्ञानेश्वरीची स्कॅन प्रत, स्वयंपाक करताना ऐकायला कादंबऱ्या, आणि पुण्याच्या नातवाशी रविवारी व्हिडिओ कॉल. त्या यादीत ई-रीडरला जागाच नव्हती. तिच्या टॅब्लेटचा पडदा १९२० बाय १२०० चा निघाला. मी सगळ्या अ‍ॅपच्या सूचना बंद केल्या, उजेड उतरवला, मेमरी कार्डावर पुस्तकांचा फोल्डर केला आणि टेकवून ठेवायला एक लाकडी स्टँड आणून दिला. आडव्या टॅब्लेटवर ज्ञानेश्वरीचं पान उघडलं, तेव्हा तिने चष्मा कपाळावर सारला, पुन्हा नाकावर घेतला आणि पहिली ओवी मोठ्याने वाचायला सुरुवात केली.