येशू होऊन गेला का, आणि पाण्यावर चालला का?

"तुमचा येशू खरंच होऊन गेला काय? अन् गेला असंन, तं पान्यावर चालला हे तुमाले पटते काय?" यवतमाळ, अमरावती, वर्धा या जिल्ह्यांतल्या खेड्यांत ख्रिस्ती घरच्या पोराला हा प्रश्न कधी ना कधी ऐकावा लागतोच. विचारणारा कधी शेजारचा बौद्ध मित्र असतो, कधी शाळेत अंधश्रद्धा निर्मूलनाचा कार्यक्रम बघून आलेला वर्गमित्र. अलीकडे तर नागपूर-पुण्याला शिकून आलेला घरचाच मुलगा तो आईवडिलांना विचारतो. या प्रश्नाच्या पोटात आणखी एक असतो, आणि खरा टोचतो तो तोच: हे पटत नसेल, तर मग तू ख्रिस्ती कसा?

येशू होऊन गेला का हा इतिहासाचा प्रश्न. त्याने चमत्कार केले का हा श्रद्धेचा. आणि ख्रिस्ती कोणाला म्हणायचं, हा मंडळीचा, म्हणजे चर्चचा, आणि काही प्रमाणात सरकारी कागदाचा. आपल्याकडे हे तिन्ही एकाच दमात विचारले जातात आणि उत्तरही एकाच दमात दिलं जातं. त्यातून भांडण होतं, उलगडा होत नाही.

पहिल्याचा निकाल तसा लवकर लागतो. इसवी सन ९३-९४ च्या सुमारास योसेफस या यहुदी इतिहासकाराने 'ख्रिस्त म्हटल्या गेलेल्या येशूचा भाऊ याकोब' याच्या वधाची नोंद केली आहे. त्याच ग्रंथात खुद्द येशूबद्दलही एक मोठा उतारा आहे. त्यात नंतरच्या ख्रिस्ती नकलकारांनी भर घातली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्यानंतर पाव शतकाच्या आत टॅसिटस हा रोमन इतिहासकार तिबेरियसच्या कारकिर्दीत, पिलाताच्या हातून ख्रिस्ताला देहदंड झाल्याचं लिहितो. या दोघांच्याही आधी लिहिणारा आद्य ख्रिस्ती प्रचारक पौल 'प्रभूचा भाऊ याकोब' याला यरुशलेमेत प्रत्यक्ष भेटल्याचं सांगतो. येशू झालाच नाही असं मांडणारेही होते. जर्मनीत एकोणिसाव्या शतकात ब्रूनो बाउअरने आणि १९०९ मध्ये आर्थर ड्रूजने ते हिरिरीने मांडलं. पण ख्रिस्ती असोत, यहुदी असोत की नास्तिक, या विषयाच्या जवळपास सगळ्या अभ्यासकांना गालीलातला एक येशू होऊन गेला आणि तो वधस्तंभावर मेला, एवढं मान्य आहे. पोरांना हे माहीत हवं. पहिल्या प्रश्नावर गांगरायचं कारण नाही.

दुसरा प्रश्न मात्र जड आहे, आणि पौलानेच तो जड करून ठेवला आहे. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात तो म्हणतो की ख्रिस्त उठला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. हे पत्र येशूच्या मरणानंतर पंचविसेक वर्षांच्या आतलं. चमत्कार नंतर कोणीतरी चिकटवले, मूळ धर्म निव्वळ नीतीचा होता, असं म्हणणाऱ्याला या अध्यायाला वळसा घालून जाता येत नाही.

पण सुरुवातीच्या मंडळीतला वाद आपल्या वादाच्या अगदी उलटा होता. तेव्हा काही जणांना येशू फारच दैवी वाटत होता. त्याला खरं शरीरच नव्हतं, तो दुःख भोगल्याचा नुसता भास होता, असं ते म्हणत. दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचा बिशप इग्नाशियस त्यांच्याविरुद्ध कळकळीने लिहितो: तो खरोखर जन्मला, त्याने खरोखर खाल्लं-प्यालं, तो पिलाताच्या वेळी खरोखर मेला. विश्वासांगीकारात, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेच्या ठरीव जाहीर कबुलीत, पंतय पिलाताचं नाव आलं आहे ते या पार्श्वभूमीवर. रविवारच्या उपासनेत सगळी मंडळी उभी राहून ते म्हणते. त्यात येशूखेरीज माणसांची नावं दोनच, मरिया आणि पिलात. एक आई आणि एक रोमन सुभेदार. हा सुभेदार इसवी सन २६ ते ३६ यहूदियात होता, आणि त्याचं नाव कोरलेला दगड १९६१ मध्ये कैसरियात सापडला. श्रद्धेच्या मजकुरात तारीख घालून ठेवावी, तसं ते नाव तिथे आहे.

तोच विश्वासांगीकार पुन्हा एकदा सावकाश वाचून बघा. मरियेपासून जन्म झाल्यावर पुढचंच वाक्य पिलाताचं. मधली सगळी वर्षं गाळलेली आहेत. पाण्यावर चालणं नाही, पाण्याचा द्राक्षारस नाही, पाच भाकरी नाहीत, मेलेल्यांतून उठवलेला लाजर नाही. नायसियाच्या ३२५ च्या परिषदेतून निघालेल्या आणि ३८१ मध्ये विस्तारलेल्या मोठ्या विश्वासांगीकारातही नाहीत. कुमारी मरियेपासून जन्म, पुनरुत्थान आणि स्वर्गारोहण, एवढंच मंडळीने अट म्हणून लिहिलं. बाकीचे चमत्कार वाचले गेले, गायले गेले, भिंतींवर रंगवले गेले, पण दारावरच्या अटीत आले नाहीत. पाण्यावर चालला हे पटत नाही म्हणून कोणाला मंडळीबाहेरचं ठरवणाऱ्याने हे आधी पाहावं असं मला फार वाटतं.

चमत्कारांना पुराव्याची जागा मिळाली ती बरीच पुढे, युरोपात. १७४८ मध्ये डेव्हिड ह्यूमने चमत्काराची साक्ष कधीच पुरेशी ठरत नाही असा युक्तिवाद केला. त्याला उत्तर म्हणून विल्यम पेलीसारख्या लेखकांनी उलट चमत्कारच ख्रिस्ती धर्माचा पुरावा म्हणून पुढे केले. जर्मनीत डेव्हिड स्ट्रॉस या सत्तावीस वर्षांच्या शिक्षकाने १८३५ मध्ये येशूचं चरित्र लिहिलं आणि चमत्कारकथा म्हणजे पहिल्या मंडळीच्या श्रद्धेतून उमललेली मिथकं आहेत असं सांगितलं. ट्युबिंगेनची नोकरी गेली. १८३९ मध्ये झुरिचने त्याला प्राध्यापकपद देऊ केलं, तर एवढा गदारोळ झाला की रुजू होण्याआधीच त्याला पेन्शन द्यावं लागलं, आणि त्या वर्षी तिथलं सरकारही पडलं.

नेमक्या याच काळात मिशनरी आपल्याकडे येत होते, पण येताना त्यांनी पेली आणला, स्ट्रॉस नाही. मुंबईत १८३० च्या आसपास मिशनरी जॉन विल्सन आणि हिंदू धर्माची बाजू मांडणारे मोरभट दांडेकर यांचे जाहीर वाद झाले. त्या वादांत आणि पुढच्या अनेक वादांत मिशनरी एका कोंडीत सापडत गेले. चमत्कार हा पुरावा म्हटला की समोरचा पुराणं उघडायचा, आणि तिथे चमत्कारांना तोटा नव्हता. बंगालमध्ये राममोहन रॉय यांनी १८२० मध्येच दुसरी वाट दाखवली होती. चमत्कार वगळून त्यांनी येशूची शिकवण तेवढी छापली. सेरामपूरचे मिशनरी त्यांच्यावर तुटून पडले. शिकवण वेगळी काढता येते की नाही हा वाद हिंदुस्थानात तेव्हापासूनचा आहे.

विदर्भात फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये आले. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. हा माणूस उपदेशक होता तसाच भूगर्भशास्त्रज्ञही. नागपूरभोवतीच्या खडकांतले जीवाश्म त्यांनी गोळा केले, अभ्यासले. १८६३ मध्ये टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या पाण्यात त्यांचा अंत झाला. विज्ञान आणि श्रद्धा एका माणसात नांदू शकत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावं.

पुढे अकोला-अमरावतीकडे अलायन्स मिशन, यवतमाळला फ्री मेथडिस्ट, मेळघाटच्या कोरकूंसाठी एलिचपूर (आजचं अचलपूर)-चिखलदऱ्याकडे वेगळं मिशन, असं जाळं पसरलं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत अनेक मुलं मिशनच्या अनाथालयांत वाढली आणि तिथेच ख्रिस्ती झाली. खेड्यातल्या किती घरांचा ख्रिस्ती इतिहास असा अन्नापासून आणि औषधापासून सुरू होतो! त्यात कमीपणा काही नाही. पण ह्यूमला उत्तर देऊन कोणी ख्रिस्ती झालं नव्हतं, हे मान्य करायला हवं.

परतवाड्याजवळ कोठाऱ्याला कुष्ठरोग्यांचं मिशन हॉस्पिटल आहे. मार्कच्या पहिल्या अध्यायातली कुष्ठरोग्याची गोष्ट अशा ठिकाणी वाचली जाते तेव्हा ऐकणारा ती वेगळ्या कानाने ऐकतो. त्या गोष्टीचा क्रम पाहा: रोगी गुडघे टेकतो, येशूला कळवळा येतो, तो हात पुढे करतो, स्पर्श करतो, आणि मग रोग जातो. गावकुसाबाहेर झोपडीत राहिलेल्या, घरच्यांनीही भाकर लांबून सरकवलेल्या माणसाला यातलं अचाट काय वाटत असेल? मला वाटतं, रोग जाण्याच्या आधीचं ते स्पर्श करणं.

मराठी ख्रिस्ती माणसाने हा प्रश्न स्वतःच्या तोंडाने विचारला तो पंडिता रमाबाईंच्या रूपाने. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर दोन वर्षं त्या जोगीण सिस्टर जेराल्डीन आणि शिक्षिका डोरोथिया बील यांच्याशी पत्रांतून झगडत होत्या. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव हा त्रैक्याचा सिद्धांत, ख्रिस्ताचं देवत्व, चर्चची सत्ता, काहीच त्यांनी न विचारता गिळलं नाही. मी ख्रिस्ताच्या मंडळीची सभासद आहे, पण पाळक-बिशपांच्या तोंडून पडणारा प्रत्येक शब्द मानायला मी बांधलेली नाही, अशा अर्थाचं त्यांनी १८८५ मध्ये स्पष्ट कळवलं. हीच बाई पुढे केडगावच्या मुक्तिसदनात १९०५ च्या संजीवनाच्या, म्हणजे धर्मजागृतीच्या, प्रार्थनांमध्ये रात्री जागवत होती. शंका घेत होत्या तेव्हा त्या ख्रिस्ती नव्हत्या आणि नंतर झाल्या, असं त्यांच्या चरित्राकडे बघून म्हणवत नाही.

दुसरे ना. वा. टिळक. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यांना धरून ठेवलं ते त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाने. १८९५ मध्ये बाप्तिस्मा झाला. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. ख्रिस्ती कोणाला म्हणायचं, याची कुंपणं मराठी माणसाने एवढ्या धीटपणे हलवल्याचं दुसरं उदाहरण मला सापडत नाही.

मग वर्धा. १९३१ च्या नाताळात, युरोपहून परतताना जहाजावर गांधीजी म्हणाले की येशू नावाचा माणूस झालाच नाही असं कोणी सिद्ध केलं तरी मला फरक पडणार नाही, डोंगरावरचं प्रवचन माझ्यासाठी खरंच राहील. पण गांधीजी ख्रिस्ती नव्हते, त्यांना हे म्हणणं सोपं होतं. जे. सी. कुमारप्पांना ते सोपं नव्हतं. ते तंजावरकडच्या ख्रिस्ती घरातले. १९३४ च्या अखेरीस ग्रामोद्योग संघ स्थापन झाला तेव्हापासून ते वर्ध्याच्या मगनवाडीत तेलघाणी, हातकागद आणि मधमाश्यांत रमले. १९४५ मध्ये त्यांचं येशूच्या आचरणावर आणि शिकवणीवरचं पुस्तक आलं. येशूच्या वाटेने चालणं हीच त्यांची ख्रिस्ती असण्याची व्याख्या होती, आणि चर्च नावाच्या संस्थेवर त्यांनी सडकून टीका केली. पण त्यांनी स्वतःला ख्रिस्ती म्हणणं सोडलं नाही. गांधीजींचे जिवलग सी. एफ. अँड्र्यूज यांनी तर पंथनियमांतली काही वाक्यं मनापासून म्हणता येईनात म्हणून १९१४ मध्ये पाळकपद खाली ठेवलं होतं.

उलट बाजूची मोर्चेबांधणीही विदर्भातच झाली. अमेरिकेत १९१० मध्ये प्रेस्बिटेरियन महासभेने पाच मुद्दे आवश्यक ठरवले होते. त्यांत कुमारी-जन्म, पुनरुत्थान आणि चमत्कारांची सत्यता होती. म्हणजे विश्वासांगीकारात नसलेले चमत्कार अटीत आले ते इथे. त्या वादाचे पडसाद मिशनांमार्फत आपल्या मंडळ्यांपर्यंत आले. १९५३ मध्ये यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी उघडली. शास्त्राला शब्दशः धरून राहणाऱ्या मंडळ्यांसाठी देशभरातून पाळक तिथे घडले, १९८३ मध्ये ती पुण्याला जाईपर्यंत. खेड्यातला पाळक चमत्काराच्या प्रश्नावर इतका सावध का होतो, हे या इतिहासातून समजतं.

मात्र दुसरा प्रवाहही थांबला नव्हता. १९४७ मध्ये चर्च ऑफ साउथ इंडिया एकत्र येताना त्यांच्या घटनेत लिहिलं गेलं की विश्वासांगीकारातली मूलभूत सत्यं मान्य आहेत, पण त्यातल्या प्रत्येक शब्दाला प्रत्येक व्यक्तीची संमती मागण्याचा हेतू नाही. उत्तरेतल्या सहा मंडळ्या २९ नोव्हेंबर १९७० रोजी चर्च ऑफ नॉर्थ इंडिया म्हणून एक झाल्या त्या नागपुरातच, ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये.

बौद्ध शेजाऱ्याचा प्रश्न कुठून येतो हेही समजून घ्यायला हवं. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेनंतर विदर्भाच्या गावागावांत असा धर्म आला, ज्याच्या ग्रंथात बाबासाहेबांनी बुद्धाचं चरित्र चमत्कारांपासून मोकळं करून मांडलं होतं. त्याच ग्रंथात त्यांनी तुलनाही केली: ख्रिस्ताने स्वतःला देवाचा पुत्र म्हटलं आणि ते मानण्याची अट घातली, बुद्धाने स्वतःसाठी अशी जागा मागितली नाही. हा आक्षेप टिंगलीचा नाही. त्याला तितक्याच गांभीर्याने उत्तर दिलं पाहिजे, आणि पौलाचा पंधरावा अध्याय टाळून ते देता येत नाही.

कायद्याने स्वतःपुरता मार्ग केव्हाच काढला आहे. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात ख्रिस्ती म्हणजे स्वतःला त्या धर्माचा म्हणवणारा. १९२५ च्या वारसा कायद्यात ख्रिस्ती धर्माचा कुठलाही प्रकार मानणारा. पुनरुत्थानाबद्दल तहसीलदार विचारत नाही. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही दिवंगत संतांचे चमत्कार सांगायला मनाई करत नाही. आज चमत्काराचा दावा करून पैसे उकळणं हा गुन्हा ठरतो. चंगाईच्या, म्हणजे प्रार्थनेने रोग बरे करण्याच्या, नावाखाली गावात तंबू ठोकून पावत्या फाडणाऱ्यांनी हे वाचावं, आणि त्यांच्यावर बोट ठेवण्याचं काम आधी मंडळीनेच करावं.

माझं मत असं की पुनरुत्थान वगळून उरतो तो येशूबद्दलचा आदर. तो मोलाचा आहे, पण मंडळी त्यावर उभी राहिली नव्हती. तरीही पुनरुत्थानाशी झगडणाऱ्या पोराला प्रभुभोजनाच्या मेजापासून उठवण्याचा अधिकार मला या इतिहासात कुठे दिसत नाही. योहानाच्या शुभवर्तमानातल्या थोमाने जखमांत बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हटलं, आणि आठ दिवसांनीही तो इतर शिष्यांबरोबरच होता. त्याला कोणी घराबाहेर काढलं नाही.

दृढीकरणाच्या वर्गात, म्हणजे पोरांना मंडळीचे पूर्ण सभासद करून घेण्याआधीच्या शिकवणीत, आज बहुतेक ठिकाणी प्रश्न आणि उत्तरं, दोन्ही पाठ करून घेतली जातात. त्या वर्गात पिलाताचं नाव विश्वासांगीकारात का आहे, योसेफसने काय लिहिलं, मगनवाडीतल्या कुमारप्पांनी काय म्हटलं, हे सांगायला एक रविवार पुरतो. रमाबाईंचा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्येच छापला आहे. मूळ इंग्रजी आहे, पण एखादा पाळक त्यातली चार-पाच पत्रं मराठीत करून पोरांसमोर वाचू शकतो.