शिफ्ट लाइट : मोटारीत नंतर बसवण्याची रीत

शिफ्ट लाइट म्हणजे इंजिनाचे फेरे ठरवून दिलेल्या आकड्याला पोहोचले की पेटणारा दिवा. तो पेटला की चालकाने क्लच दाबून वरचा गिअर टाकायचा, एवढाच त्याचा अर्थ. काही मोटारींत तो कारखान्यातूनच येतो. बाकीच्यांत मालक वेगळा विकत घेऊन डॅशबोर्डवर किंवा स्टिअरिंग कॉलमवर बसवतो. या नोंदीचा विषय हा दुसरा प्रकार आहे. दिवा, त्याला आरपीएम (मिनिटाला होणारे इंजिनाचे फेरे) कळवणारी वायर आणि आकडा ठरवून देण्याची सोय, असे त्याचे तीन भाग. दिवा चिकटवणे पाच मिनिटांचे काम आहे. त्याच्यापर्यंत खरे आरपीएम पोहोचवण्यात आणि योग्य आकडा ठरवण्यात मात्र सुट्टीची अख्खी दुपार जाते.

फेरे दाखवणारा काट्याचा टॅकोमीटर असताना दिवा कशाला, हा प्रश्न रास्त आहे. काटा वाचायला नजर रस्त्यावरून काढावी लागते, काटा कुठे आहे ते पाहावे लागते आणि मग ठरवावे लागते. दिव्यात वाचण्यासारखे काहीच नसते. नजर समोर ठेवूनही डोळ्याच्या कोपऱ्यात उजेड जाणवतो. शिवाय कारखान्याच्या टॅकोमीटरचा काटा थरथरू नये म्हणून तो मुद्दाम संथ केलेला असतो. पहिल्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन काट्याच्या पुढे पळते आणि काटा ६,००० वर येईपर्यंत इंजिन लिमिटरला, म्हणजे फेऱ्यांना वरची हद्द घालणाऱ्या सोयीला, धडकलेले असते.

या दिव्याचा पहिला जम बसला तो पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे ४०२ मीटरच्या, ड्रॅग शर्यतींत. तिथे एकेका गिअरबदलाला मोल असते आणि चालकाला डायल वाचायला सवड नसते. फॉर्म्युला वनमध्ये स्टिअरिंग व्हीलच्या माथ्यावर छोट्या एलईडींची रांगच असते; फेरे वाढतील तशी ती एका बाजूने भरत जाते. साध्या प्रवासी मोटारींतही याचे एक शांत भावंड आहे : इंधन वाचवण्यासाठी गिअर बदलायला सुचवणारा बाण. युरोपीय संघाने २००९ च्या एका नियमावलीने मॅन्युअल गिअरच्या प्रवासी मोटारींना तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा केला. नव्या मॉडेलांना २०१२ पासून आणि सर्व नव्या मोटारींना २०१४ पासून. तो बाण बहुधा २,००० च्या आसपासच उगवतो. शर्यतीच्या दिव्याशी त्याचे नाते नावापुरतेच.

आरपीएम कुठून घ्यायचे

सगळी मेख इथे आहे. पेट्रोलच्या चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरला क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) दोन फेऱ्यांत एक ठिणगी लागते. म्हणून एकाच कॉइलवर (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या गुंडाळीवर) चालणाऱ्या जुन्या धाटणीच्या चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन ठिणग्या, सहा सिलिंडरमध्ये तीन आणि आठमध्ये चार. शिफ्ट लाइट याच ठिणग्यांचे ठोके, म्हणजे पल्स, मोजते. ६,००० आरपीएमला चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला २०० पल्स येतात. दोन पल्समध्ये अंतर ५ मिलिसेकंदांचे. दिव्याच्या डबीवर सिलिंडरची संख्या निवडायचे बटण असते ते यासाठीच. खरे तर ते सिलिंडर विचारत नाही, दर फेऱ्याला किती पल्स येणार हे विचारते. हा फरक ध्यानात न आल्याने निम्म्या तक्रारी उद्भवतात.

जुन्या मोटारीत ही वायर कॉइलच्या निगेटिव्ह टोकावरून घेतात. तिथे मल्टिमीटर १२ व्होल्ट दाखवत असला तरी कॉइलचा प्रवाह तुटताक्षणी काहीशे व्होल्टचा झटका उमटतो. दिव्याचे सर्किट तो सोसणारे असावे लागते. कॉइलकडून प्लगकडे जाणाऱ्या जाड वायरीवरून सिग्नल घ्यायचा विचारही करू नये, तिथे व्होल्ट हजारोंच्या घरात असतात. इग्निशनसाठी वेगळा सीडीआय बॉक्स (कपॅसिटरमध्ये वीज साठवून ठिणगी देणारी डबी) लावलेला असेल तर कॉइलला न शिवता त्या बॉक्सचा टॅको आउटपुट वापरायचा. असे कित्येक बॉक्स कमी फेऱ्यांवर एका वेळी अनेक ठिणग्या देतात, आणि कॉइलवर जोडलेला दिवा त्या सगळ्या मोजून मोकळा होतो.

नव्या इंजिनांत ही मोजणी आणखी फसवी होते. दोन प्लगना मिळून एक कॉइल असलेल्या वेस्टेड स्पार्क पद्धतीत प्रत्येक कॉइल दर फेऱ्याला एकदा उडते. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल तर एक कॉइल दोन फेऱ्यांत एकदाच. आता समजा चार सिलिंडरच्या मोटारीत वेस्टेड स्पार्कच्या एका कॉइलवर वायर टाकली आणि डबीवर इमानदारीने '४ सिलिंडर' निवडले. डबी फेऱ्याला दोन पल्सची वाट पाहते, येतो एक. तिच्या लेखी इंजिन निम्म्या वेगाने फिरते आहे. आकडा ६,००० ठेवला तर ती पेटणार १२,००० ला, म्हणजे कधीच नाही. या जोडणीत '२ सिलिंडर' निवडले की हिशेब जुळतो. स्वतंत्र कॉइलच्या मोटारीत हीच चूक चौपट महागात पडते.

इंजिनाच्या ईसीयूमधून (त्याच्या संगणकातून) टॅकोमीटरकडे जाणारी वायर सापडली तर ती सर्वांत उत्तम. तिच्यावर ५ किंवा १२ व्होल्टचे स्वच्छ चौकोनी पल्स येतात. ती कोणत्या रंगाची आणि कोणत्या पिनवर आहे हे त्या मोटारीच्या वायरिंग डायग्राममध्येच पाहावे, अंदाजाने टोचत सुटू नये. ईसीयूच्या वायरींवर बल्बचा टेस्टलॅम्प तर मुळीच लावू नये, कारण बल्ब ओढतो तेवढा प्रवाह द्यायला ती सर्किटे बनलेली नसतात. बऱ्याच अलीकडच्या मोटारींत अशी वायरच नसते, कारण क्लस्टरला (डॅशबोर्डवरच्या मीटरांच्या पॅनेलला) आरपीएम कॅन बसवरून, म्हणजे मोटारीतल्या संगणकांना जोडणाऱ्या जाळ्यावरून, कळतात. डिझेलमध्ये ठिणगीच नसल्याने कॉइलचा प्रश्न मिटतो. तिथे अल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवरून सिग्नल घेता येतो, पण त्याचे पल्स पुलीच्या मापावर आणि अल्टरनेटरच्या पोलांवर ठरतात. त्यामुळे हवे तसे कॅलिब्रेट करता येणारीच डबी घ्यावी लागते.

उरतो ओबीडी सॉकेट, म्हणजे मोटारीतले बिघड तपासण्यासाठीचा सॉकेट. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटात खोचले की काम झाले, असे हे प्रकरण दिसते. डबी ईसीयूला विचारते, ईसीयू दोन बाइटांत उत्तर देतो, त्या संख्येला ४ ने भागले की आरपीएम. पल्सच्या मोजणीची भानगडच नाही. खोट आहे ती उशिराची : हे विचारून मिळणारे उत्तर आहे, इंजिनाच्या नाडीवरचे बोट नव्हे. सेकंदाला ५,००,००० बिटांच्या कॅनवर ते पुरेसे झटपट येते. सेकंदाला १०,४०० बिटांच्या जुन्या प्रोटोकॉलवर मात्र सेकंदाला मोजकीच उत्तरे मिळतात आणि पहिल्या गिअरमध्ये दिवा मागे राहतो. आणखी एक बारकावा : सॉकेटच्या १६ व्या पिनवर बॅटरीचा करंट कायम असतो. स्वतःहून झोपी न जाणारी डबी तिथे खोचून मोटार तीन आठवडे उभी ठेवली तर बॅटरी बसू शकते.

जोडणी

ओबीडीत न खोचता वायरींनी जोडायच्या डबीला सहसा चार वायरी असतात : इग्निशनचा पॉझिटिव्ह, अर्थ, टॅको सिग्नल आणि रात्री दिवा मंद करण्यासाठी डॅशबोर्डच्या लाइटची वायर. लाल, काळी, हिरवी आणि पांढरी असा क्रम वारंवार दिसतो, पण तो काही कायदा नव्हे. सोबतचा कागद वाचावा. काम सुरू करताना बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवतात.

पॉझिटिव्ह शोधताना डॅशबोर्डखाली पाठीवर झोपून, तोंडात टॉर्च धरून मल्टिमीटर टोचला जातो तो क्षण नेहमीचा. किल्ली 'ऑन' केल्यावर १२ व्होल्ट दिसले की लोक खूश होतात आणि तिथेच वायर जोडतात. तेवढ्यावर थांबू नये. किल्ली बंद केल्यावर व्होल्टेज शून्य होते का आणि स्टार्टर फिरताना ते टिकते का, दोन्ही पाहावे. रेडिओसारख्या ॲक्सेसरी सर्किटचा करंट स्टार्टर फिरताना तुटतो. तिथे जोडलेली डबी दर वेळी विझून पुन्हा सुरू होते. निवडलेल्या वायरीत १ ते ३ अँपिअरचा इनलाइन फ्यूज घालतात, तोही उगमाच्या जवळ. अर्थसाठी रंग खरवडून उघड्या पत्र्यावर, शक्यतो आधीच असलेल्या अर्थच्या बोल्टवर, रिंग टर्मिनल आवळायचे. प्लास्टिकच्या ट्रिमवर आवळलेला स्क्रू म्हणजे अर्थ नव्हे; हे लिहायची वेळ येऊ नये, पण येते.

इंजिनाच्या बाजूने वायर आणायची असेल तर फायरवॉलमधला (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यातला) असलेला रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेचे रबरी कडे, वापरावा. पत्र्याच्या कच्च्या भोकातून नेलेली वायर हादऱ्यांनी घासून शॉर्ट होते. सिग्नलची वायर प्लगच्या वायरींपासून आणि अल्टरनेटरच्या जाड केबलपासून लांब ठेवायची. दोघी शेजारून धावल्या की ठिणगीची कुजबुज तिच्यात शिरते. वायर नुसती टोचून जोडणारे निळे-लाल क्लिप सोयीचे वाटतात, पण ओल लागली की गंजतात आणि मूळ वायरीचे धागेही कापतात. क्रिम्प किंवा सोल्डर करून वर हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवलेला जोड टिकतो. एअरबॅगच्या वायरी बहुधा पिवळ्या आवरणात असतात. त्यांना हात लावायचा नाही.

दिव्याची जागा नजरेच्या कडेला, म्हणजे क्लस्टरच्या वर किंवा स्टिअरिंग कॉलमवर. विंडस्क्रीनच्या बाजूच्या खांबावर बसवायची हौस अनेकांना असते; खांबाच्या ट्रिममागे कर्टन एअरबॅग असेल तर तिथे स्क्रूही नको आणि वायरही नको. शर्यतीसाठी बनवलेले दिवे भर उन्हात दिसतील इतके प्रखर असतात आणि रात्री तेच डोळे दिपवतात, म्हणून मंद करण्याची वायर रिकामी सोडू नये. बाहेरून लाल किंवा निळा उजेड दिसेल असा दिवा रस्त्यावर कित्येक देशांत चालत नाही.

किती वर लावायची

जुन्या डब्यांत आकडा बदलायला छोटे खुंटीवजा रेझिस्टर खोचत, एकेका आकड्याला एक. आता फिरवायची कळ, बटण किंवा फोनवरचे ॲप असते. आकडा कोणता, हे मात्र कोणतेही ॲप सांगत नाही. सर्वाधिक शक्ती जिथे मिळते तिथे लावावी, हे उत्तर अपुरे आहे, कारण गिअर बदलला की फेरे खाली पडतात आणि कुठे पडतात यावर सगळे अवलंबून असते. समजा पहिल्या गिअरचे प्रमाण ३.५ आणि दुसऱ्याचे १.९ आहे. ६,५०० ला गिअर बदलला की इंजिन सुमारे ३,५३० वर येते. तिसरा १.२८ आणि चौथा ०.९५ असेल तर त्याच ६,५०० वरून ते ४,८२० च्या आसपासच उतरते. पुढच्या गिअरमध्ये चाकांना मिळणारा जोर सध्याच्या गिअरपेक्षा जास्त होईल तो क्षण बदलाचा. पहिल्या गिअरला तो बहुतेकदा शक्तीच्या शिखराच्या बराच पलीकडे, कधी थेट लिमिटरजवळ असतो. वरच्या गिअरांना अलीकडे सरकतो.

त्यातून माणसाचा हात वजा करायचा. उजेड दिसून पाय क्लचवर जाईपर्यंत ०.२ सेकंद सहज जातात. पहिल्या गिअरमध्ये इंजिन सेकंदाला ३,००० फेऱ्यांनी चढत असेल तर तेवढ्यात ६०० वाढतात. ६,५०० ला गिअर बदलायचा तर दिवा ५,९०० ला पेटला पाहिजे. चौथ्या गिअरमध्ये चढ सेकंदाला ५०० चा असेल तर १०० चाच फरक पुरतो. एकच आकडा धरणारी लाइट म्हणजे तडजोडच, आणि म्हणून गिअरनिहाय आकडे घेणारे किंवा टप्प्याटप्प्याने पेटणारे दिवे निघाले. हिरवे दोन, पिवळे दोन आणि शेवटी लाल, अशी रांग चालकाला 'आता' सांगण्याआधी 'तयार राहा' सांगते. माझ्या मते एका झगझगीत बल्बपेक्षा ही रांग कितीतरी उपयोगाची.

तपासणी उभ्या मोटारीत, न्यूट्रलमध्ये करतात. आकडा २,५०० वर ठेवायचा आणि ॲक्सिलरेटर अगदी सावकाश दाबायचा. काटा २,५०० च्या अल्याडपल्याड शे-दोनशेत असताना दिवा पेटला तर मोजणी बरोबर. १,२५० ला पेटला तर डबी दुप्पट मोजते आहे, ५,००० ला पेटला तर निम्मे. इतक्या खालच्या आकड्यावर करायची ती एवढ्यासाठीच की चूक इंजिन न ताणता कळावी.

दिवा मध्येच, कोणत्याही आरपीएमला लुकलुकत असेल तर पहिला संशय अर्थवर आणि दुसरा सिग्नलच्या वायरीच्या वाटेवर. दिवा जोडल्यापासून मोटारीचा स्वतःचा टॅकोमीटरच गप्प झाला असेल तर डबी त्या सिग्नलवर भार टाकते आहे. अशा वेळी मध्ये टॅको ॲडॉप्टर घालतात.

या दिव्याला फक्त फेरे कळतात. इंजिन ऑइल गरम झाले की नाही हे त्याला ठाऊक नसते, त्यामुळे थंड इंजिनालाही तो तितक्याच उत्साहाने ६,००० पर्यंत बोलावतो. खालच्या गिअरच्या चुकीपुढे तर तो हतबल आहे. पाचव्यातून चौथ्याऐवजी चुकून दुसरा पडला की इंजिनाला चाकेच फिरवतात. लिमिटर इंधन किंवा ठिणगी तोडू शकतो, चाके थांबवू शकत नाही. दिवा तेव्हाही पेटतो, पण तोवर व्हॉल्व्ह पिस्टनला भिडलेले असू शकतात.