पहिली इलेक्ट्रिक गिटार : पैसा कुठे वाजतो?

खान्देशात कुठल्याही तालुक्याच्या गावी मोटार रिवाइंडिंगचं एखादं दुकान सापडतंच. केळीच्या नाहीतर कपाशीच्या शेतातून आलेली जळकी मोटार तिथे उघडून पडलेली असते आणि कारागीर तांब्याच्या तारेचे वेढे मोजून भरत असतो. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज जिथे जन्मतो तो पिकअप याच कुळातला. तार तीच, तांब्याची आणि इनॅमल चढवलेली; फक्त जाडी जेमतेम ०.०६ मिलिमीटर आणि वेढे सात-आठ हजार. एका साध्या पिकअपमधली तार उलगडली तर सुमारे एक किलोमीटर भरेल.

या कॉइलच्या पोटात चुंबक असतं. वरून जाणारी पोलादी तार त्या चुंबकामुळे स्वतःही थोडी चुंबकीय होते. ती छेडली की कॉइलमधून जाणारं चुंबकीय क्षेत्र तारेच्या तालावर कमी-जास्त होतं आणि कॉइलमध्ये वीज उमटते. मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवलेला हा नियम आहे. सायकलचा डायनॅमो त्याच्यावरच चालतो. पिकअपमधून निघणारी वीज मात्र अगदी थोडी असते, व्होल्टच्या काही दशांशांइतकी. ती मोठी करून स्पीकरपर्यंत न्यायचं काम ॲम्प्लिफायरचं, म्हणजे ॲम्पचं.

घरात कोणी इलेक्ट्रिक गिटारचा विषय काढला की वडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला : "भाऊ, कितला पैसा लागतीन?" प्रश्न रास्तच आहे. पण त्याच्या जोडीला दुसरा विचारायला हवा : घातलेला पैसा आवाजात आणि बोटांना कुठे जाणवतो, आणि कुठे नुसताच दिसतो? याचं उत्तर जाहिरातीपेक्षा भौतिकशास्त्र जास्त सरळ देतं.

लाकडापासून सुरुवात करू. महोगनी, ॲल्डर, बासवुड, पॉपलर या नावांवर गिटारची किंमत चढते. पण पिकअपला हवेतला आवाज ऐकू येत नाही. त्याला फक्त पोलादाची हालचाल कळते. व्यापारी यश मिळालेली पहिली इलेक्ट्रिक गिटार जॉर्ज बोशाँ आणि ॲडॉल्फ रिकेनबॅकर यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत आणली, तिचं अंग ओतीव ॲल्युमिनियमचं होतं. लाकूड तारेचं कंपन थोडंफार शोषतं, त्यामुळे त्याचा परिणाम शून्य म्हणता येणार नाही. पण पिकअप तारेखाली नेमका कुठे बसवलाय आणि पुढे स्पीकर कोणता आहे, या दोन गोष्टींपुढे तो फार लहान ठरतो. पहिल्या गिटारसाठी लाकडाच्या जातीवर जादा पैसे देऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. वाळलेलं, सरळ आणि नीट बसवलेलं लाकूड असलं की पुरे.

खरा फरक पडतो तो यांत्रिक बाबींत, आणि नवशिक्याचं मन मोडतं तेही इथेच. गिटारचा प्रत्येक फ्रेट (मानेवरची धातूची आडवी पट्टी) स्वराला एका अर्ध्या पायरीने वर नेतो, म्हणजे कंप्रता सुमारे ५.९५ टक्क्यांनी वाढते. अशा बारा पायऱ्या चढल्या की ती बरोबर दुप्पट. तारेची मोकळी लांबी ६४८ मिलिमीटर असेल तर पहिला फ्रेट नटपासून (मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपासून) ३६.४ मिलिमीटरवर यायला हवा आणि बारावा बरोबर मध्यावर. हे खाचे आता यंत्राने कापतात, त्यामुळे स्वस्त गिटारमध्येही फ्रेटच्या जागा बहुधा बरोबर असतात. चुकतो तो नट. मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांत बसतात त्या पुरेशा खोल कापलेल्या नसल्या, तर पहिल्या फ्रेटवर तार दाबताना ती जास्त ताणली जाते आणि स्वर चढतो. मोकळ्या सहाही तारा ट्यूनरवर (सूर दाखवणाऱ्या यंत्रावर) अचूक, तरी कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वर) धरली की बेसूर! शिकणाऱ्याला वाटतं आपला कानच बिघडलाय. कान ठीक असतो, नट उंच असतो. या एका बारीक दोषापायी किती पोरांनी गिटार माळ्यावर टाकली असेल, या विचाराने मला खरंच वाईट वाटतं, कारण दुरुस्ती जाणकाराच्या हातची अर्ध्या तासाची आहे.

दुकानात गिटार हातात आली की आधी फिनिश पाहू नका. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून घंटेसारखा निघणारा स्वर ट्यूनरवर पाहा, मग तीच तार तिथेच दाबून वाजवा. दोन्ही जुळायला हवेत. पुलाची (गिटारच्या अंगावर तारा जिथे टेकतात तो भाग) खोगिरं, म्हणजे प्रत्येक तारेखालचे छोटे ठोकळे, मागेपुढे करून हे जुळवता येतं. खोगीर सरकायला जागाच उरली नसेल तर ती गिटार ठेवून द्या. बाराव्या फ्रेटपाशी तारेची उंची दीड ते दोन मिलिमीटर असली की बोटं दुखत नाहीत आणि तार फ्रेटवर खरखरतही नाही. मानेच्या कडेवरून हात फिरवा. फ्रेटची टोकं टोचली तर समजा की लाकूड आकसलंय. हे आपल्याकडे विशेष बघायचं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, हवा कोरडी ठणठणीत होते आणि लाकडातला ओलावा उडतो. धातूचा फ्रेट मात्र आकसत नाही, म्हणून तो कडेने बाहेर येतो. जुलैत पाऊस लागला की लाकूड परत फुगतं आणि मान किंचित वाकते. मानेच्या आत ट्रस रॉड नावाची लोखंडी सळई असते, ती ॲलन किल्लीने एका वेळी पाव फेऱ्याहून कमी फिरवून हा वाक सुधारता येतो. जळगाव, धुळे, नंदुरबारात गिटार दुरुस्त करणारा सहज मिळत नाही आणि दर ऋतूला नाशिक किंवा सुरत गाठणं परवडणारं नाही. म्हणून हे काम स्वतः शिकून घ्या.

सहा तारा मिळून मानेवर मोठी ओढ असते. ९ ते ४२ या पातळ संचाची एकूण ओढ सुमारे ३८ किलोच्या वजनाइतकी भरते, १० ते ४६ ची ४६ किलोच्या आसपास. हे आकडे म्हणजे सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात. नवशिक्याने ९ चाच संच घ्यावा. मोकळी लांबी ६४८ ऐवजी ६२८ मिलिमीटर असलेली, म्हणजे गिब्सनच्या लेस पॉल या मॉडेलच्या धाटणीची गिटार घेतली तर त्याच स्वरासाठी ओढ आणखी सहा टक्क्यांनी कमी लागते. लहान हातांना हा फरक कळतो. अकॉस्टिकच्या ब्राँझच्या तारा मात्र इलेक्ट्रिकवर चढवू नका. ब्राँझ चुंबकाला दाद देत नाही, पिकअपला फक्त आतला पोलादी गाभा दिसतो आणि जाड तारांचा आवाज पडतो. दांडी हलवून स्वर लहरवणारा, दोन्ही बाजूंनी तरंगता पूलही पहिल्या गिटारला नको. तिथे तारांची ओढ एकीकडे आणि मागच्या स्प्रिंगांची दुसरीकडे असा तोल असतो; एक तार पिळली की बाकीच्या पाच उतरतात.

आता पिकअप कोणता घ्यायचा? याचं उत्तर आपल्या घरातल्या विजेत आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. कूलरच्या मोटारीभोवती, पंख्याभोवती, ट्रान्सफॉर्मरभोवती तितक्याच वेगाने बदलणारं चुंबकीय क्षेत्र असतं, आणि एका कॉइलचा पिकअप तारेचं कंपन टिपतो तसंच हेही इमानदारीने टिपतो. उन्हाळ्यात कूलरशेजारी अशी गिटार वाजवा, 'हम्म' असा घोगरा सूर सतत पाठीमागे राहतो. यावर गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर या अभियंत्याने १९५५ च्या सुमारास उपाय काढला : दोन कॉइल शेजारी ठेवायच्या, एकीची जोडणी उलट आणि तिच्या चुंबकाचे ध्रुवही उलटे. बाहेरून येणारी घरघर दोन्हींत सारखीच शिरते, पण उलट जोडणीमुळे एकमेकींना खोडते. तारेचा संकेत मात्र ध्रुव आणि जोडणी दोन्ही उलटल्यामुळे बेरजेत जातो. हाच हंबकर. माझ्या मते खान्देशातल्या घरात पहिल्या गिटारला पुलाजवळ एक हंबकर असावाच. एक हंबकर आणि दोन सिंगल कॉइल अशी रचना यामाहा पॅसिफिका ०१२ सारख्या प्राथमिक मॉडेलमध्ये मिळते. पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरची आणि चौकोनी लहरींच्या स्वस्त इन्व्हर्टरची चरचर हंबकरनेही पूर्ण जात नाही. त्यासाठी गिटारच्या आतल्या पोकळीला तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थला जोडतात. लोड शेडिंगमध्ये बॅटरीवर चालणारा छोटा ॲम्प सर्वांत स्वच्छ वाजतो.

अर्थिंगची गोष्ट निघालीच आहे तर ती नीट सांगतो, कारण हा जिवाशी संबंध आहे. गिटारच्या तारा पुलामार्गे केबलच्या अर्थला आणि तिथून ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. घराला अर्थिंग नसेल आणि ॲम्पमध्ये बिघाड झाला, तर फेज थेट बोटांपर्यंत येऊ शकतो. तारेला हात लावल्यावर घरघर कमी होणं नेहमीचं आहे; झिणझिण्या येणं अजिबात नाही. तसं झालं तर लगेच प्लग काढा. तीन पिनच्या प्लगची जाड पिन कापू नका, आणि मीटरजवळ ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या.

ॲम्पच्या खरेदीत वॅटचा भुलावा मोठा. लग्नाच्या वरातीत डीजेचे हजारो वॅट ऐकून आपली मोजमापं बिघडली आहेत. कानाला आवाज दुप्पट वाटायला शक्ती साधारण दहापट लागते. म्हणजे १०० वॅटचा ॲम्प १० वॅटच्या फक्त दुप्पट मोठा वाटतो. घरी शिकायला १० वॅट भरपूर झाले. पैसे वाढवायचे तर वॅटवर न वाढवता स्पीकरच्या आकारावर वाढवा. पाच इंचीपेक्षा आठ इंची स्पीकर खालचे स्वर भरीव देतो.

ॲम्प न घेता गिटार घरच्या होम थिएटरला लावली तर? खूप जण करतात आणि निराश होतात. पिकअपची कॉइल वरच्या स्वरांना जास्त अडवते. ४,००० हर्ट्झला तिचा विरोध ५०-६० हजार ओहमपर्यंत जातो. गिटार ॲम्पचं प्रवेशद्वार (इनपुट) सुमारे १० लाख ओहमचं असतं, म्हणून संकेत शाबूत पोचतो. होम थिएटरचं बहुधा काही दहा हजार ओहमचंच असतं. त्या ओझ्याखाली वरचे स्वर दबतात आणि आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. दुसरी अडचण डिस्टॉर्शनची. ॲम्पवर इतका ताण द्यायचा की लहरींचे माथे कापले जावेत, हे डिस्टॉर्शन. त्यातून भरपूर वरचे स्वरांश तयार होतात. गिटारचा स्पीकर पाच-सहा हजार हर्ट्झच्या वर झपाट्याने बहिरा होतो आणि ही करकर गाळून टाकतो. होम थिएटरचा ट्वीटर ती जशीच्या तशी कानात ओततो. लॅपटॉप असेल तर मार्ग आहे : गिटारसाठीचं प्रवेशद्वार असलेला ऑडिओ इंटरफेस (गिटारचा संकेत लॅपटॉपला देणारी छोटी पेटी), स्पीकरची नक्कल करणारं मोफत सॉफ्टवेअर आणि तारेचा हेडफोन. ब्लूटूथ मात्र नको. त्यात सहज दीड-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर होतो; २०० मिलिसेकंदांत ध्वनी ७० मीटर जातो, म्हणजे ॲम्प गल्लीच्या टोकाला ठेवून वाजवल्यासारखं. ताल धरताच येत नाही.

केबल तीन मीटरचीच घ्या. प्रत्येक मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड धारकता (विद्युतभार साठवून धरायची क्षमता) वाढते आणि ती वरचे स्वर खाते. दहा मीटरच्या केबलने आवाजाची चमक कानाला कळेल इतकी उतरते.

हिशेब २०,००० चा धरला तर मी बारा-तेरा हजार गिटारवर, पाच हजार ॲम्पवर आणि उरलेले केबल, ट्यूनर, तारांचे दोन संच, पट्टा आणि सेटअपवर (नट, खोगिरं, मान नीट लावून घेण्यावर) घालीन. १२,००० च असतील तर ॲम्प पुढे ढकला, हेडफोनमध्ये खोचायचा छोटा ॲम्प घ्या, पण गिटारमध्ये काटछाट करू नका. स्क्वायर ही फेंडरची आणि एपिफोन ही गिब्सनची कमी किमतीची शाखा. यामाहा, कोर्ट, आयबानेझ यांचीही नवशिक्यांसाठी मॉडेल आहेत. मान सरळ असलेली जुनी गिटार मिळाली तर बेलाशक घ्या. पिकअपची तांब्याची तार आणि चुंबक दशकानुदशकं टिकतात. झिजतात ते फ्रेट, तेवढे पाहून घ्या.

गिटार ऑनलाइन मागवली आणि पार्सल भर उन्हातून आलं, तर खोकं लगेच उघडू नका, दोन-तीन तास सावलीत राहू द्या. मग तारा सुरात लावून एक रात्र ठेवा आणि सकाळी पुन्हा ट्यूनर लावा, कारण नव्या तारा ताणत जातात. त्यानंतर बाराव्या फ्रेटची परीक्षा, फ्रेटची टोकं, प्रत्येक पिकअप आणि दोन्ही नॉब. हे सगळं परतीची मुदत संपायच्या आत.